नरक्याचे झाड राखा, काढा करू नका

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या रानात नरक्याचे झाड असते. ‘कर्करोगावर औषध’ म्हणून त्याचे लाकूड चोरून विकले जाते. यात खरे किती, ते पाहू.

१९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन हे द्रव्य वेगळे केल्याचे जाहीर केले. १९७२ साली तेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडले.

असा शोध कसा घेतात? झाडाची साल, लाकूड वाळवून दळतात आणि अर्क काढतात. त्या काळी तो कर्करोग झालेल्या उंदरांना देऊन बघत. गुण दिसला, की अर्काचे भाग पाडत पाडत नेमके द्रव्य हाती येते.

पण माणसांना दिल्यावर या द्रव्याने मूत्राशयाला व रक्ताला इजा झाली. म्हणून त्यात बदल करावे लागले. त्यातून टोपोटेकान व इरिनोटेकान ही औषधे निघाली. अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली १९९६ साली, म्हणजे ३० वर्षांनी! आजही ती डॉक्टर मोजून-मापूनच देतात.

तेव्हा ध्यानात ठेवा :

• नरक्याचा काढा घेऊ नका, रोग्यालाही देऊ नका. ते विष आहे.
• अंगावर गाठ दिसली तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.
• लाकडासाठी कोणी आला तर वनखात्याला कळवा.
• बांधावर झाड असेल तर राखा. तोडायला घटका पुरते, वाढायला वर्षे लागतात.