जेवण नको म्हणणाऱ्या मुलींसाठी वेगळी ओपीडी का हवी?

वयात आलेली मुलगी ताटापुढे बसून अर्धी भाकरी चिवडत राहते. नवरात्राचे घट उठले तरी तिचा उपवास काही सुटत नाही. विचारलं तर ‘पोट भरलंय’ एवढंच सांगते. हळूहळू कपडे ढगळ होतात, पाळी थांबते. मग आपल्याकडे दृष्ट काढली जाते, टॉनिक आणलं जातं, नाहीतर ‘नखरे आहेत’ म्हणून विषय मिटवला जातो. आज आपण या आजाराबद्दल बोलू आणि चिकलठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात त्यासाठी निदान आठवड्यातून एक दिवस वेगळी ओपीडी असावी असं आम्हाला का वाटतं, तेही सांगू.

घरात दाणा नाही म्हणून होणारं कुपोषण वेगळं. इथे डबे भरलेले असतात, पण मनच खाऊ देत नाही. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी 1874 साली छापलेल्या लेखात याला ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ म्हटलं. दुसऱ्या प्रकारात मुलगी भराभरा, चोरून खूप खाते आणि नंतर घशात बोट घालून ओकून टाकते. त्याला ‘बुलिमिया’ म्हणतात. तिचं वजन बेताचंच दिसतं, त्यामुळे संशयही येत नाही. जेवल्या जेवल्या मोरीत जाणं, दात झिजणं, बोटांच्या मागच्या बाजूला दातांचे वळ, या खुणा आईनेच ओळखाव्या लागतात.

पुस्तकात लिहिलेलं असतं की अशा रुग्णाला जाड होण्याची भीती वाटते. आपल्याकडची मुलगी मात्र तसं बोलेलच असं नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी 1995 साली पाच तरुणींची माहिती छापली. त्या जेवत नव्हत्या, सारख्या ओकत होत्या, वजन घटलं होतं, पाळी बंद होती. पण आपण जाड आहोत असं त्यांच्या मनात नव्हतं. अशी मुलगी पोटाच्या डॉक्टरकडेच फिरत राहते. अर्थात क्षयरोग, थायरॉईड, मधुमेह नाही ना, हे आधी तपासायलाच हवं. ते सोडून थेट ‘मनाचं आहे’ म्हणणंही चुकीचंच.

आता वेगळी ओपीडी कशाला? कारण हा आजार मनाचा असला तरी जीव शरीराचा जातो. मानसिक आजारांत सर्वाधिक जीव घेणाऱ्यांपैकी हा एक आहे. ओकण्याने रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. फार दिवस उपाशी राहिलेल्या, हाडं दिसणाऱ्या मुलीला एकदम भरपेट, तूपसाखर घालून खाऊ घालू नका. उपाशी शरीरात अचानक जास्त अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने घटतं आणि त्यात मृत्यूही येऊ शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांच्या बाबतीत असं घडलं होतं. अशा मुलीला दवाखान्यात ठेवून, रक्त तपासत, थोडं थोडं वाढवावं लागतं. हे एकट्या मानसोपचार तज्ज्ञाला जमत नाही आणि एकट्या फिजिशियनलाही नाही.

उपचार करायचे कोणी, यावर डॉक्टरांचंच मत पुढे बदललं. गल यांच्या मते अशा रुग्णाची काळजी घ्यायला नातेवाईक सगळ्यात वाईट. शंभर वर्षांनी लंडनच्याच मॉडस्ली रुग्णालयात जेराल्ड रसेल यांनी या आजारांसाठी वेगळा विभाग उभा केला. बुलिमियाचं वर्णन 1979 साली यांनीच केलं होतं. वॉर्डात नर्स शेजारी बसून जेवू घालायच्या, तेव्हा वजन वाढायचं. प्रश्न यायचा घरी गेल्यावर. म्हणून त्यांनी 80 रुग्णांचे दोन गट केले. एका गटात रुग्णाशी एकटीने बोलणं, दुसऱ्यात सगळ्या कुटुंबाला सोबत घेणं. 1987 साली निष्कर्ष छापला: आजार 19 वर्षांच्या आत सुरू झालेला आणि फार जुना झालेला नसेल, तर कुटुंबाला घेऊन केलेला उपचार जास्त गुणकारी. पाच वर्षांनी पाहिलं, तेव्हाही फरक टिकून होता.

या पद्धतीत काय वाढायचं ते आईवडील ठरवतात. कोणीतरी ताट संपेपर्यंत शेजारी बसतं, रागावत नाही, टोमणे मारत नाही. वजन सावरलं की निर्णय हळूहळू मुलीच्या हाती देतात. यात साधारण सहा महिने ते वर्ष जातं. आपल्याकडे खरी अडचण एकमताची. आई ‘खा’ म्हणते, आजी ‘राहू दे, उपवास मोडू नको’ म्हणते, चुलती ‘लग्नाच्या आधी बारीकच बरी’ म्हणते. म्हणून समुपदेशकासमोर सगळं घर बसलं पाहिजे. बाप तर हवाच.

असा विभाग काढायला नवी इमारत लागत नाही. मानसोपचार तज्ज्ञ, फिजिशियन किंवा बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, समुपदेशक आणि एक सरावाची नर्स एकाच दिवशी एकाच टेबलाशी बसले पाहिजेत. वजनकाटा, ईसीजी, रक्ततपासणी आणि गरज पडली तर दोन खाटा, एवढं पुरेसं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 प्रमाणे सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. तेव्हा गटाच्या बैठकीत ठराव करा आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना अर्ज द्या.

तोवर 14416 हा ‘टेली मानस’चा क्रमांक लिहून ठेवा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आणि मुलीला चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल, पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल किंवा ती जिवाचं बरंवाईट बोलत असेल, तर फोनवर वेळ न घालवता 108 ची गाडी बोलवा.