गिनीपिगचें घर : गवत आणि अंथरूण

गिनीपिग हा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या प्रदेशांतला प्राणी. तेथील लोकांनीं त्याला हजारों वर्षांपूर्वीं माणसाळविलें, आणि पेरूच्या डोंगराळ खेड्यांत तो अजूनहि स्वयंपाकघराच्या जमिनीवर वावरतांना दिसतो. आपल्या शहरांत मात्र तो मुलांचा सवंगडी म्हणून येतो व त्याचें सारें आयुष्य, म्हणजे पांच ते आठ वर्षें, बहुतेक पिंजऱ्यांतच जातें. मोकळ्या प्राण्याला जागा घाण झाली तर दुसरीकडे सरकतां येतें. कोंडलेल्याला तें स्वातंत्र्य नाहीं. म्हणून पिंजऱ्याची स्वच्छता हा आपल्या टापटिपीचा प्रश्न नसून त्या जीवाच्या श्वासाचा प्रश्न आहे, हें आज श्रोत्यांपुढें मांडावयाचें आहे.

ही घाण नेमकें काय करते? मूत्रांत युरिया नांवाचें द्रव्य असतें. ओल्या अंथरुणांतील जंतु त्याचें विघटन करतात आणि अमोनिया वायु सुटतो. वायु जेथें उत्पन्न होतो तेथेंच तो सर्वांत तीव्र. आणि गिनीपिगचें नाक तर अंथरुणापासून जेमतेम दोनतीन बोटें वर. आपण उभ्यानें पाहतों तेव्हां आपल्याला कांहींच वास येत नाहीं. पण त्याच वेळीं त्या मुक्या प्राण्याच्या श्वासमार्गाचें नाजूक अस्तर चुरचुरत असतें. अशा दुखावलेल्या जागीं रोगजंतूंना सहज थारा मिळतो व फुफ्फुसाचा दाह होतो. शिवाय हा प्राणी हिंस्र पशूंचें भक्ष्य. दुखणें लपविणें हा त्याचा स्वभावच. यास्तव परीक्षा त्याच्या उंचीवरून करावी : रोज सकाळीं वाकून, अंथरुणाजवळ नाक नेऊन वास घ्यावा. तेथें नाकाला झोंबलें, तर समजावें कीं आधींच उशीर झाला आहे.

अंथरुणाचीं कामें दोन : ओल शोषणें आणि पायांना मऊपणा देणें. गिनीपिगच्या तळपायांवर केस नसतात. जाळीच्या तळावर ते सोलवटतात, सुजतात व चिघळतात. म्हणून तळ सपाट व अखंड असावा. त्यावर वर्तमानपत्राचे दोनचार थर देऊन वर कागदाच्या लगद्याचें अंथरूण दोन इंच जाडीचें घालावें. जाड टॉवेलावर फ्लीसचें कापड पसरलें तरी चालतें. मात्र तें रोज झटकून दर तीनचार दिवसांनीं धुतलें पाहिजे. सुताराच्या रंध्याखालीं निघणारा कीस स्वस्त पडतो खरा. पण देवदार व चीड यांच्या कच्च्या लाकडांतील सुवासिक द्रव्यें श्वासमार्गाला अपायकारक असतात. जो सुगंध आपल्याला स्वच्छतेचा वाटतो, तोच त्याला बाधतो. बारीक भुसा तर वर्ज्यच, कारण त्याची धूळ नाकाडोळ्यांत जाते.

गवताची गोष्ट निराळी. पुष्कळ जण त्याला बिछाना समजतात. वस्तुतः तें त्याचें मुख्य अन्न आहे. गिनीपिगचे दांत जन्मभर वाढत राहतात व गवत चावूनच ते झिजतात. त्याच्या आंतड्यांची गतीहि या चोथ्यावरच चालते. म्हणून टिमोथी किंवा ओट जातीचें वाळलेलें गवत रात्रंदिवस पुढें असावें, पण तें ठेंगण्या गव्हाणींत. ओल्या जागेंत टाकलेलें गवत तो खात नाहीं आणि खाल्लें तर बाधतें. लसूणघासांत चुना अधिक, त्यामुळें प्रौढ प्राण्याला मुतखड्याचें भय. तो पिलांना व गाभण मादीलाच द्यावा. भाताचा पेंढा निःसत्त्व व टोंकदार, त्याची काडी डोळ्यांत जाण्याचा संभव. गवतांत क जीवनसत्त्व पुरेसें नसतें व हा प्राणी तें स्वतःच्या शरीरांत तयार करूं शकत नाहीं. यासाठीं ढोबळी मिरचीसारखी ताजी भाजी रोज द्यावी आणि उरलेली त्याच दिवशीं काढावी.

नित्यक्रम असा ठेवावा. ओलें अंथरूण व लेंड्या रोज काढाव्या, पाण्याचें भांडें धुवावें. आठवड्यांतून एकदां सर्व अंथरूण बदलावें. तळाला जो पांढरा थर बसतो तो मूत्रांतील चुन्याचा. व्हिनेगर व पाणी समभाग घेऊन कांहीं वेळ भिजवल्यास तो सुटतो. मग तळ धुऊन पूर्ण कोरडा करावा. फिनेल वापरूं नये. जुन्या अंथरुणांतील मूठभर कोरडा भाग नव्यांत मिसळावा, म्हणजे ओळखीचा वास राहून प्राणी बिचकत नाहीं.

पावसाळ्यांत कोंकणांत व मुंबईंत विशेष सावध असावें. दमट हवेंत गवताला बुरशी येते. कुबट वासाचें किंवा काळसर गवत निःशंक फेंकून द्यावें. सांठा कापडी पिशवींत, जमिनीपासून उंच ठेवावा. उन्हाळ्यांत पिंजरा सांवलींत व वाऱ्याच्या जागीं असावा. तीस अंशांवरील उष्णता त्याला सोसत नाहीं.

इतकें करूनहि तो अंग फुगवून कोपऱ्यांत बसला, शिंकूं लागला किंवा त्यानें गवत सोडलें, तर उद्यांची वाट न पाहतां पशुवैद्याकडे न्यावें. अन्नाविना एक दिवसहि त्याच्या आंतड्यांना घातक ठरूं शकतो. लहान मुलांनीं प्राणी मागावा आणि मोठ्यांनीं तो आणून द्यावा, हें सोपें आहे. रोज वाकून त्याच्या घराचा वास घेण्याची जबाबदारी मात्र घरांतील एका मोठ्या माणसानें आपल्याकडे घेतलीच पाहिजे.