ओवाळणीच्या ताटातील जीव

आज वसुबारस. आश्विन वद्य द्वादशीच्या सायंकाळी दीपोत्सवाची पहिली पणती आपण लावतो ती गाय-वासराच्या नावाने. सुवासिनी सवत्स धेनूच्या पायांवर पाणी घालतात, हळदकुंकू वाहतात, तिला नैवेद्य भरवतात. शहरात गाय दारी येण्याचे दिवस सरले. तेथे पाटावर मातीची गाय-वासराची जोडी मांडून पूजा होते. पण पूजेहूनही आम्हांस या दिवसाचा उपवास अधिक बोलका वाटतो. दूध, दही, तूप आज वर्ज्य. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी यांवर व्रतस्थ स्त्रिया दिवस काढतात. वर्षभर आपण वासराच्या वाट्यातले घेतो. निदान एक दिवस ते ज्याचे त्याला राहो, हा भाव त्यामागे आहे, असे आमच्या मातोश्री सांगत.

अशा मंगल दिवशी आमच्या हातून घडलेल्या एका प्रमादाची कथा सांगण्यास आम्ही बसलो आहोत. पाडवा आणि भाऊबीज अगदी तोंडावर आल्या आहेत. साडी, घड्याळ, पाकीट यांना कंटाळलेली काही मंडळी या वेळी एखादे कुत्र्याचे पिल्लू, मांजर, नाहीतर पिंजऱ्यातील पाखरू भेट द्यावे, अशा विचारात असतील. नऊ वर्षांपूर्वी आम्हीही होतो.

आमच्या थोरल्या भगिनी, अक्का, त्या वर्षी एकट्या पडल्या होत्या. यजमान निवर्तलेले, चिरंजीव परदेशी, पुण्यातील जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचे बिऱ्हाड. त्यांना सोबत व्हावी म्हणून आम्ही एका परिचितांच्या घरून जेमतेम सहा आठवड्यांचे पिल्लू आणले आणि भाऊबीजेला ओवाळून होताच पाकिटाऐवजी टोपली पुढे केली. घरात हशा पिकला. छायाचित्रे निघाली. अक्काही हसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे दुसरे काही उमटले, ते आमच्या ध्यानी आले नाही. किंबहुना आम्ही ते पाहिलेच नाही.

त्या रात्री इमारतीखाली फटाक्यांची माळ पेटली. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी कळतो, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांपर्यंतचा. आपल्याला ऐकूही न येणाऱ्या अंतरावरचे आवाज त्याला ऐकू येतात. त्यातून तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या मनाच्या घडणीचा. त्या वयात बसलेली भीती पुष्कळदा जन्मभर राहते. हे सारे आम्ही नंतर वाचले. मोती मात्र ते त्याच रात्री न्हाणीघरातील बादलीमागे बसून शिकला. दुसऱ्या दिवशी कुणा पाहुण्याने कौतुकाने त्याला लाडवावरचे बेदाणे भरवले. बेदाणा, मनुका, चॉकलेट हे कुत्र्याला विषासमान ठरू शकते, बेदाण्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे त्या पाहुण्यांना ठाऊक नव्हते, आम्हांसही नव्हते. नशिबाने वांती होऊन ते निभावले.

पुढचे आठ महिने अक्कांनी दिवसातून चार वेळा दोन जिने उतरून चढले. गुडघे दुखरे. गुरुवारचे भजन सुटले, भाचीच्या लग्नाला त्या एका दिवसाच्या बोलीवर आल्या. दर तीन-चार आठवड्यांनी लस, मग जंतांचे औषध, मग रेबीजची सुई, आणि दर वेळी रिक्षावाल्याची मिनतवारी. तक्रारीचा एक शब्द नाही. पावसाळ्यात जिन्यावर पाय घसरून मनगट मोडले, तेव्हा रुग्णालयात आम्ही त्यांना विचारले, "अक्का, आधी का नाही बोललीस?" त्या म्हणाल्या, "अरे, भावानं ओवाळणीत घातलेलं परत कसं करायचं?"

वाचकहो, या एका वाक्यात आमचा सारा अपराध आहे. साडीचा रंग आवडला नाही तर ती कपाटात राहते. जिवंत देणगी कपाटात राहत नाही, आणि सणाच्या दिवशी आप्ताने दिलेली असल्याने नाकारताही येत नाही. घेणाऱ्याच्या प्रेमाला आपण नकळत वेठीस धरतो.

वस्तुतः सजीवाचे दान कसे करावे याचा आपल्या पूर्वजांनी जितका विचार केला, तितका क्वचितच कोणी केला असेल. कठोपनिषदाचा आरंभच एका फसलेल्या दानाने होतो. वाजश्रवस ज्या गाई दान देत होता, त्यांचे शेवटचे पाणी पिऊन झाले होते, शेवटचे गवत खाऊन झाले होते, दूध आटले होते. अशा गाई देणारा आनंदहीन लोकी जातो, हे बालक नचिकेत्याला कळले, पित्याला कळले नाही. अनुशासनपर्वात भीष्म धर्मराजाला सांगतात की, गाय देताना ती कोणाच्या हाती जाते हेही पाहावे; जो तिचा वध करील त्याला ती देऊ नये. गोदानाच्या विधीत गाय एकटी जात नाही. सोबत वासरू, अंगावर वस्त्र, दूध काढण्यास काशाचे भांडे. आमच्या बालपणी देशावर लेकीला दुभती गाय आंदण देत, तीही व्याह्यांना आधी विचारून: गोठा आहे काय, वैरण पुरेल काय, पाण्याची सोय कशी? गाईची आणि लेकीची चौकशी एकाच बैठकीत होई, असे गमतीने म्हणत.

त्याच पर्वातील नृगराजाची कथा आम्हांस या प्रकरणात वारंवार आठवली. असंख्य गाई दान करणाऱ्या या राजाच्या खिल्लारात एका ब्राह्मणाची चुकलेली गाय मिसळली आणि राजाने ती अजाणता दुसऱ्यास दान दिली. खऱ्या मालकाने ती मागितली. राजाने घेणाऱ्याला बदली हव्या तितक्या गाई देऊ केल्या. पण तो म्हणाला, ही गरीब गाय माझ्या अंगावरून सुटलेल्या कृश मुलाला पोसते, ती मी देणार नाही. पहिला म्हणाला, मला लाख नकोत, माझीच हवी. राजा सरड्याचा जन्म घेऊन विहिरीत पडला, तो श्रीकृष्णाने उद्धरीपर्यंत. ज्याला माया लागली त्याची बदली होत नाही, हे राजाला उमगायला फार उशीर झाला. आम्हांसही झाला, कारण मनगट मोडल्यावर आम्ही मोत्याला आमच्या घरी आणण्यास गेलो, तेव्हा अक्कांनी साखळी आमच्या हाती दिली आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. देताना एक चूक झाली होती. नेताना दुसरी झाली, आणि ती टाळण्याजोगी नव्हती.

मग प्राणी भेट देऊच नये काय? आमचा कल तसा होता; परंतु त्याविरुद्ध जाणारी माहितीही सांगणे भाग आहे. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ज्यांना कुत्रे वा मांजर भेट मिळाले होते, त्यांपैकी ९६ टक्के लोकांनी भेट म्हणून मिळाल्याने आपली माया वाढली, निदान कमी झाली नाही, असे सांगितले. ८६ टक्के प्राणी तेव्हाही त्याच घरी होते. माया लागते यात आम्हांस कधीच शंका नव्हती. अक्कांनाही ती लागली. प्रश्न त्यांच्या गुडघ्यांचा होता, आणि तो त्या पाहणीत येत नाही. ब्रिटनमध्ये श्वानसेवेच्या एका संस्थेने १९७८ पासून, कुत्रा नाताळापुरता नसून जन्मभराचा असतो, अशा अर्थाचे घोषवाक्य चालवले. आपल्या दिवाळीला ते तसेच लागू पडते. नाताळात फटाक्यांचा त्रास बहुधा कमी असावा, इतकाच फरक.

पाखरांविषयी मात्र दुमत नाही. आपल्याकडचा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. तारांकित कासवाचेही तेच. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू दुकानातून विकण्यास २०१८ च्या नियमांनी मनाई आहे. आणि पाळलेल्या जनावराला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या कायद्याने अपराध ठरतो.

आता आमच्या घरातील ताजे प्रकरण. आमच्या दहा वर्षांच्या नातीला या पाडव्याला पिल्लू हवे आहे. निवाड्यासाठी आम्ही अक्कांना बोलावले. त्यांनी अटी घातल्या. पाडव्याला काही नाही. तुळशीची लग्ने लागून फटाके थांबले की मग. आईबाप दोघांचा होकार हवा. एखाद्या निवाऱ्यात जाऊन मुलीने स्वतः निवडावे, आणि पिल्लूच कशाला, वाढलेले का नको? पहिल्या वर्षाच्या लशींचा नि औषधांचा खर्च आजोबांनी उचलावा. ती काशाची दोहनी समजावी. आणि तोवर रोज सकाळी सहा वाजता मोत्याला तिने फिरवून आणावे.

घटस्थापनेपासून आजपर्यंत चार दिवस चुकले. त्यांपैकी दोन सहामाही परीक्षेचे होते, असे नातीचे म्हणणे. अक्कांनी ते दोन माफ केले आहेत. मोत्याने कोणते माफ केले हे कळण्यास मार्ग नाही; तो सध्या अक्कांच्या पायाशी बसून बाजरीच्या भाकरीची वाट पाहतो आहे.