रुतलेले नख : कोपरा कोरू नका



वर्षावासाचे दिवस आणि भातलावणीचे दिवस आपल्याकडे एकत्रच येतात. भिसेगाव, कर्जत, खालापूर या भागात कोणी दिवसभर चिखलात उभे असते, कोणी ओल्या बुटांनी पहाटेची लोकल धरते, कोणी खोपोलीच्या कारखान्यात आठ तास जड सेफ्टी शूज घालून काम करते. कामे वेगळी, पण पावसाळ्यात तक्रार एकच : पायाच्या अंगठ्याचे नख बाजूने मांसात रुतले आहे, पाय टेकवत नाही.

नख का रुतते?

नखाची कड बाजूच्या कातडीत घुसते, तिथे सूज येते आणि मग जंतू शिरून पू होतो. सगळ्यात मोठे कारण म्हणजे नख कापण्याची चुकीची पद्धत. आपण कोपरे गोल आणि खोल कापतो. कोपऱ्यात नखाचा एक टोकदार तुकडा आत राहतो आणि नख वाढेल तसा तो काट्यासारखा मांसात जातो. बोटे आवळणारे बूट, घामाने किंवा पाण्याने मऊ पडलेली कातडी, अंगठ्याला बसलेली ठेच हीही कारणे आहेत. काहींचे नख जन्मतःच जास्त वळलेले असते.

दुखू लागले की माणूस ब्लेड किंवा सेफ्टीपिन घेऊन कोपरा कोरतो. दोन दिवस बरे वाटते, पण पुढच्या वेळी नख आणखी खोल रुतते.

घरी काय करावे?

फक्त दुखणे आणि थोडी लाली असेल, पू नसेल, तर :

१. सोसेल इतक्या कोमट पाण्यात चिमूटभर मीठ टाकून दिवसातून तीन-चार वेळा १५ ते २० मिनिटे पाय बुडवा.
२. कातडी मऊ झाली की स्वच्छ कापसाच्या बोळ्याने ती नखापासून हळूच बाजूला ढकला. जोर लावू नका.
३. बोटांच्या बेचक्यांसह पाय पूर्ण कोरडा करा.
४. बरे होईपर्यंत पुढून मोकळी चप्पल वापरा.
५. फार दुखत असेल तर मोठ्यांनी पॅरासिटामॉल घ्यावी.

चुना, तंबाखूची राख लावू नका. बिब्ब्याचा चटका तर मुळीच देऊ नका, त्याने कातडी भाजते आणि साधे दुखणे मोठी जखम होते. जखम उघडी असेल तर शेताच्या पाण्यात उतरू नका. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोचे जंतू अशाच जखमेतून शरीरात जातात. लावणी टाळता येत नसेल तर जखम झाकून गमबूट घाला आणि घरी आल्यावर पाय साबणाने धुवा. पुढे ताप आला तर पाण्यात काम केल्याचे आणि पायाला जखम असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दवाखान्यात कधी जावे?

पू आला, लाली पायावर पसरू लागली, ताप आला, नखाशेजारी लाल ओले मांस वाढले किंवा काही दिवसांत फरक पडला नाही, तर थांबू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते तेही सांगा.

मधुमेह असेल, पायाचा रक्तपुरवठा कमी असेल किंवा कुष्ठरोगाने वा इतर कारणाने पाय बधिर असेल, तर घरचा कोणताही उपाय करू नका. अशा पायाला दुखणे कळत नाही, गरम पाण्याचा चटकाही कळत नाही. जखम हाडापर्यंत गेली की बोट काढायची वेळ येते. त्यांनी पहिल्याच दिवशी कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. रोजंदारी बुडेल म्हणून आपण दुखणे अंगावर काढतो, पण बोट गेल्यावर किती दिवस बुडतील याचाही हिशेब करा.

ऑपरेशनला घाबरू नका. फक्त अंगठा बधिर करून नखाची रुतलेली कड काढतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. वारंवार त्रास होत असेल तर त्या बाजूच्या मुळाला औषध लावतात, म्हणजे तेवढी कड सहसा पुन्हा वाढत नाही.

नख कसे कापावे?

विनयपिटकातील चुल्लवग्गात याची नोंद आहे. भिक्खू नखे दातांनी तोडत, भिंतीवर घासत, त्यामुळे बोटे दुखत. तथागतांनी नखे कापण्याचे साधन वापरण्यास अनुमती दिली. मग काही जण रक्त येईपर्यंत कापू लागले, तेव्हा मांसाच्या पातळीपर्यंतच कापावे असा नियम घालून दिला. पायासाठी आपण त्याहून थोडे राखूनच कापू : अंघोळीनंतर, स्वच्छ नेलकटरने, सरळ रेषेत. पांढरी कड थोडी राहू द्या, दोन्ही कोपरे डोळ्यांना दिसले पाहिजेत. पायाचे नख महिन्याला दीड-दोन मिलिमीटरच वाढते, म्हणून बिघडलेले नख नीट व्हायला कित्येक महिने लागतात. तेवढा धीर धरा.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. लहान मुलांचे शाळेचे बूट दर काही महिन्यांनी तपासा. आणि कामावर ठेकेदार सगळ्यांना एकाच मापाचे बूट देत असेल तर गप्प बसू नका, चार जण मिळून आपल्या मापाचे मागा. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळले आणि कामगाराच्या आरोग्याची जबाबदारी मालकावरही आहे हे ठामपणे मांडले. पायात बसणारा बूट मागणे ही मेहेरबानीची याचना नाही.

या रविवारी विहारात येण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे पाय उजेडात बघा. त्यांना वाकून दिसत नाही, आणि ते स्वतःहून सांगतही नाहीत.