नवी गाडी, नवा हात आणि क्लच प्लेटा

निरवांगी (ता. इंदापूर) : शेतीच्या पानावर मोटारसायकलचा विषय बघून काहींना नवल वाटेल. पण विचार करा, निरवांगी, निमसाखर, खोरोची या पट्ट्यात आज मोटारसायकल बंद पडली तर काय काय अडतं? सकाळचं दूध डेअरीवर जायचं अडतं, वैरणीचा भारा फडातच राहतो, औषध आणायला निमगावला जायचं राहतं, आणि लाईट आली तर मोटार चालू करायला विहिरीवर कोण पळणार? बैलजोडीची निगा आपण जशी राखत होतो तशी या गाडीची राखली पाहिजे. आणि नव्या हाताखाली गाडीचा जो भाग पहिल्यांदा खराब होतो तो म्हणजे क्लच.

घरातलं पोरगं अठरा वर्षांचं झालं, लायसन निघालं, की गाडी त्याच्या हाती येते. सहा-आठ महिन्यांनी तक्रार सुरू होते, "गाडी ओढत नाही, नुसती बोंबलते." मग कंपनीला शिव्या, नाहीतर पेट्रोलपंपाला. खरा दोष बहुतेक वेळा डाव्या हाताच्या चार बोटांत असतो.

क्लच म्हणजे काय ते आधी साध्या भाषेत समजून घेऊ. पूर्वी गावातली पिठाची गिरणी ऑइल इंजिनवर चालायची. इंजिन आणि जातं यांच्यामध्ये रुंद पट्टा असायचा. दळण जास्त पडलं की पट्टा घसरायचा, इंजिन धाडधाड पळायचं, जातं मात्र मंद व्हायचं आणि पट्टा तापून वास सुटायचा. मोटारसायकलमध्ये पट्ट्याच्या जागी गोल चकत्या असतात. एक अस्तर लावलेली, एक पोलादी, अशा आलटून पालटून बसवलेल्या. स्प्रिंगा त्यांना घट्ट दाबून धरतात. लिव्हर दाबला की दाब सुटतो आणि इंजिन चाकापासून मोकळं होतं. सोडला की पुन्हा जू खांद्यावर. लिव्हर अर्धवट धरला की चकत्या धड चिकटत नाहीत, धड सुटत नाहीत, एकमेकींवर घासत राहतात. यालाच आपण हाफ क्लच म्हणतो. गाडी उठवताना क्षणभर तो लागतोच, त्याशिवाय गाडी जागची हलणार नाही. पण अर्धा किलोमीटर हाफ क्लचवर चालवणं म्हणजे पट्टा घसरत असताना दळण ओतत राहणं.

ही सवय लागते कुठून? एक तर ट्रॅक्टरवरून. क्लचवर पाय ठेवून बसायची खोड तिथे लागते आणि मोटारसायकलवर ती बोटांत उतरते. दुसरं, शिकवणाऱ्याकडून. वडिलांनी उमेदीत स्कूटर चालवलेली. तिचे गिअर डाव्या मुठीत, त्यामुळे बोटं कायम क्लचवर. ते पोराला सांगतात, "क्लच धरून ठेव, गाडी बंद पडणार नाही." गाडी बंद पडत नाही हे खरं, पण प्लेटा जळतात. नवशिक्याची गाडी दहा वेळा बंद पडली तरी पडू द्या, त्याने काही बिघडत नाही. शरम वाटते म्हणून रेस वाढवून हाफ क्लचवर रेटू नका, एवढंच.

आता आपल्या भागाचा खरा दुखणारा मुद्दा. शहरातल्या पोराचा क्लच ट्रॅफिकमध्ये झिजतो, आपला झिजतो पाणंदीत. नीरेकाठची आपली काळी जमीन. पावसाळ्यात किंवा पाटाचं पाणी वाटेवर फुटलं की चिखल टायरला असा धरतो की मडगार्ड आणि टायर यांच्यात बोट शिरत नाही. चाक फिरायला जागाच उरत नाही. नवखा गडी समजतो, गाडीला जोर कमी पडतोय. मग पहिला गिअर, फुल रेस, हाफ क्लच, मागे चाळीस लिटरचा दुधाचा कॅन आणि वर एक माणूस. चाक जागेवर, इंजिन पळतंय. ही सगळी ताकद जाते कुठे? प्लेटांच्या घर्षणात. पाच मिनिटांत इतकी उष्णता होते की पोलादी चकत्या निळ्या पडतात आणि अस्तर जळतं. शेजारच्या वालचंदनगरात इस्रोच्या अग्निबाणाचे भाग तयार होतात आणि आपली गाडी बांधाला चढताना धूर काढते, काय म्हणावं!

अशा वेळी गाडी बंद करा. उतरा. ओझं खाली घ्या. काडीने नाहीतर खुरप्याने मडगार्डमधला चिखल काढा आणि चाक हाताने फिरतंय का बघा. मग पहिल्या गिअरमध्ये, शेजारून चालत, हलक्या रेसवर गाडी बाहेर काढा. दहा मिनिटं जातील, पण प्लेटा वाचतील. बंधाऱ्याच्या चढाला किंवा पाटाच्या भरावावर चढतानाही गिअर चढाच्या आधीच कमी करावा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर अर्ध्यात अडकून क्लचवर तोलत बसू नये. चढावर थांबायचं झालं तर ब्रेकवर थांबा. क्लच आणि रेसवर गाडी तोलून धरायची कसरत बघायला चांगली दिसते, खिशाला जड पडते.

नुकसान किती? साध्या १०० सीसीच्या गाडीला प्लेटा, स्प्रिंगा, गास्केट, ऑइल आणि मजुरी धरून हजार-दीड हजाराच्या घरात खर्च जातो. म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या चार-पाच गोण्या. पण त्याहून मोठी गोष्ट जिवाची आहे. गळीत हंगामात रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात. तुम्ही ओलांडायला निघालात, रेस दिली, आवाज वाढला आणि गाडी पुढे सरकलीच नाही, समोरून एसटी आली, तर? घसरता क्लच ओव्हरटेकच्या वेळीच दगा देतो, कारण तेव्हाच इंजिनावर पुरा जोर येतो.

म्हणून तपासणी शिकून घ्या. मोकळ्या सरळ रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ३०-४० च्या वेगाने जाताना एकदम रेस द्या. आवाज चढला आणि वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतोय. अ‍ॅव्हरेज कमी होणं, चढाला दम न धरणं, जळका वास ही पुढची लक्षणं. मात्र घाईने इंजिन खोलायला लावू नका. आधी गाडी डबल स्टँडवर लावून, न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवा. ब्रेक धरून राहिला असला तरी गाडी अशीच जड होते, आणि ते काम पाच मिनिटांचं असतं.

उलटा त्रासही असतो. लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकते, गिअर खडखडतो, थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही. तेव्हा क्लच पुरता सुटत नाही. बहुधा वायर ढिली झालेली असते. थंडीत सकाळी पहिला गिअर टाकताना एकदा 'खट्' झालं तर मात्र घाबरू नका, रात्रभर थंड ऑइलने चकत्या चिकटलेल्या असतात.

वायरीचा ताण हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या रुंदीएवढी, मोकळी चाल असावी. आपल्या गाडीच्या पुस्तकात नेमका आकडा असतो. "क्लच लगेच लागला पाहिजे" म्हणून काही पोरं वायर कडक ताणून घेतात. मग हात लिव्हरवर नसतानाही हाफ क्लच लागलेलाच राहतो! प्लेटा झिजत जातात तशी ही चाल आपोआप कमी होते, म्हणून महिन्यातून एकदा बघावी. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवूनही बघा. कॅनचा हूक किंवा पिशवी वायरीला ओढत असेल तर वळणावर चाल नाहीशी होते.

ऑइलचंही तसंच. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारच्या काही ऑइलांत निसरडेपणा वाढवणारी द्रव्यं असतात, ती इथे घातक. घरात उरलंय म्हणून ओतू नका. डब्यावर इंग्रजीत 'जासो एमए' किंवा 'एमए-२' ही अक्षरं शोधा. 'एमबी' लिहिलेलं ऑइल बिनगिअरच्या स्कूटरचं. अशा स्कूटरला लिव्हर नसला तरी आत क्लच असतोच, तेव्हा चढावर रेस देऊन ती तोलून धरणाऱ्या भगिनींनीही ब्रेकच वापरावा.

गावकारभाऱ्यांनाही एक सांगणं आहे. पाणंद रस्त्यांसाठी शासनाने २०२१ मध्ये मातोश्री योजना काढली. आपल्या गावाच्या कोणत्या पाणंदीत गाड्या रुततात ते गाडीवाल्यांना विचारा आणि मुरूम-खडीचा प्रस्ताव त्या पाणंदीचा आधी करा.

काम निघालंच तर मिस्त्रीजवळ उभे राहा. जुन्या प्लेटा मागून बघा. अस्तराची जाडी नव्या प्लेटेशी ताडून बघा, पोलादी चकत्या निळ्या किंवा वाकलेल्या आहेत का ते पाहा, स्प्रिंगांची लांबी मोजायला सांगा. नव्या प्लेटा बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजवाव्या लागतात, त्या कोरड्या बसवत असेल तर टोका. आणि एक जादा क्लच वायर टूलबॉक्समध्ये टाकून ठेवा. लिव्हरजवळच्या टोकाचे तार एकेक करून तुटायला लागले की ती बदलायची, फडात तुटायची वाट बघायची नाही.