एका सत्रातील मैत्री

अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाची कायद्याची पदव्युत्तर पदवी संपादून सोफिया कोराडी ही इटालियन विदुषी १९५८ साली रोमला परतली, तेव्हा तिच्या स्वतःच्याच विद्यापीठाने त्या अध्ययनास मान्यता देण्याचे साफ नाकारले. त्या नकाराने व्यथित होऊन तिने पुढे जो दीर्घ पाठपुरावा केला, त्याच्या फळांपैकी एक म्हणजे १९८७ साली अकरा देशांत सुरू झालेली आणि पहिल्या वर्षी सुमारे ३,२०० विद्यार्थ्यांना परदेशी पाठविणारी इरॅस्मस योजना होय. आज विद्यापीठांमधील अशाच देवाणघेवाणीच्या करारांन्वये भारतातील विद्यार्थीही एखाद्या सत्रापुरते युरोपात जातात व तेथील श्रेयांक येथे जमा होतात. परंतु परक्या गावातील एकटेपणावर तोडगा काढणारे कलम कोणत्याही करारात घालता येत नाही. त्याची तजवीज विद्यार्थ्यालाच करावी लागते.

उदाहरणार्थ, जर्मनीतील गॉटिंगेन ही विद्यापीठनगरी घ्यावी. पुण्याचे आणि या नगरीचे नाते जुने आहे: डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकविणारे फ्रान्त्स कीलहोर्न पुढे तेथे प्राध्यापक झाले, आणि पुण्याचेच संस्कृतपंडित रा. गो. भांडारकर यांना १८८५ साली त्याच विद्यापीठाने सन्मान्य पीएच.डी. अर्पण केली. हिवाळी सत्रासाठी ऑक्टोबरात गॉटिंगेनला उतरणाऱ्या विद्यार्थ्याचे पहिले दिवस दफ्तरी कामांत जातात. घरमालकाचा लेखी दाखला घेऊन दोन आठवड्यांच्या मुदतीत नगरपालिकेच्या कचेरीत रहिवासाची नोंद करावयाची, विम्याचे कागद सादर करावयाचे, बँकेत खाते उघडावयाचे, या व्यापात मन गुंतून राहते. खरी कसोटी लागते ती हे सारे मार्गी लागल्यावर, नोव्हेंबरात, जेव्हा साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, आणि व्याख्यानानंतर बाके ठोकून दाद देणारे वर्गबंधू पाहता पाहता आपापल्या सायकलींवरून पांगतात.

आपण बोलके नाही, म्हणून आपल्याला मित्र मिळत नाहीत, अशी समजूत अशा वेळी बळावते. मला ती मुळातच चुकीची वाटते. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे अनुमान काढले की, नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर होण्यास सुमारे पन्नास तासांचा सहवास लागतो, तर जिवलग मैत्रीस दोनशेहून अधिक. आता जर्मन सत्रातील अध्यापनाचे आठवडे साधारण पंधरा. आठवड्यातून दोन तासांच्या एखाद्या वृंदगायनाच्या तालमीस नेमाने गेले तरी तीसच तास भरतात. म्हणजे उणीव स्वभावाची नसून वेळेची आहे, आणि म्हणूनच पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या क्रीडावर्गात किंवा वृंदगायनात नाव नोंदवावे, आणि एकमेकांची भाषा शिकविणारा एखादा जोडीदार शोधावा. एकदाच होणाऱ्या स्वागतसमारंभात शंभर चेहरे भेटतात. ठरलेल्या वारी तेच दहा चेहरे पुन्हा भेटणे मला अधिक मोलाचे वाटते.

उरलेले तास मिळतात ते सामायिक स्वयंपाकघरात. जर्मन विद्यार्थी पुष्कळदा तीन-चार जण मिळून एक घर भाड्याने घेतात. त्यात स्वच्छतेच्या पाळ्यांचा तक्ता असतो, कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकावयाचा असतो, आणि या बाबतींतील हयगय मैत्रीच्या आड जितकी येते तितके मोडकेतोडके जर्मन कधीच येत नाही. आपल्याकडच्या माणसाने तेथे आग्रहाची अपेक्षा मात्र ठेवू नये. जेवणार का, असे कोणी विचारले असता संकोचाने ‘नको’ म्हटले, तर तेथे दुसऱ्यांदा विचारीत नाहीत, आणि त्यात अनादर नसून उलट आपल्या शब्दाचा मानच राखलेला असतो. भेटीची वेळ आधी ठरवावी, ती काटेकोर पाळावी. आपल्या वाढदिवसाचा केक आपणच न्यावा. एखाद्या संध्याकाळी कांदेपोह्यांचा बेत करून सहनिवाशांना बोलवावे. चिरण्या-ढवळण्याच्या ओघात जे बोलणे होते ते कोणत्याही परिचयसभेत होत नाही.

आपल्या देशबांधवांत रमणे हा दोष आहे, असे जे सांगितले जाते तेही पूर्ण खरे नाही. स्टीफन बोख्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली हवाईतील परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीचा अभ्यास केला, तेव्हा तीन वर्तुळे दिसली: मनातले बोलण्यास स्वदेशी, अभ्यासातील अडचणींस स्थानिक, आणि मनोरंजनास इतर देशांतून आलेले. तिन्ही असावीत. मात्र रोजचा व्हिडिओ कॉल, हिवाळ्यातील साडेचार तासांच्या फरकामुळे, नेमका तेथील दुपार-संध्याकाळ व्यापतो, आणि मैत्रीचेही तेच तास असतात. आईवडिलांनी हा कॉल आठवड्यातून दोनदाच ठेवला, तर मुलावर त्यांचे मोठे उपकार होतील.

नॉर्वेचे स्वेर्रे लिसगार्ड यांनी अमेरिकेत जाऊन आलेल्या दोनशे फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांच्या मुलाखती घेऊन १९५५ साली असा निष्कर्ष मांडला की, सहा महिन्यांपेक्षा कमी किंवा अठरा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेल्यांपेक्षा मधल्या मुदतीचे लोक तेथे कमी रुळले. तेव्हा मुक्काम दुसऱ्या सत्रापर्यंत वाढविला की सारे आपोआप सुकर होईल, असे समजू नये. तरीही ज्याच्या स्थानिक ओळखी फेब्रुवारीत नुकत्या कोठे मुरू लागल्या असतील, त्याने मुदतवाढीचा विचार अवश्य करावा. त्यासाठी दोन्ही विद्यापीठांची संमती आणि निवासपरवान्याची मुदत ही दोन्ही हाती असावी लागत असल्याने, चौकशी नाताळच्या सुट्टीपूर्वीच करून ठेवावी.