शब्दाचा पत्ता

मराठी मुले भेंड्या लावतात, शब्दकोडी सोडवतात. इंग्रजी भाषेतही शब्दांचे असे अनेक खेळ आहेत. त्यांपैकी 'स्क्रॅबल' हा खेळ जगभर खेळला जातो. अमेरिकेतील आल्फ्रेड बट्स या वास्तुशिल्पीने तो १९३० नंतरच्या दशकात रचला. अक्षरांच्या सोंगट्या २२५ घरांच्या पटावर मांडून त्यांतून शब्द जुळवावयाचे असतात. प्रत्येक अक्षराचे गुण ठरलेले आहेत. छापील मजकुरात कोणते अक्षर किती वेळा येते, हे मोजून बट्स यांनी खेळाची मांडणी केली. म्हणूनच वारंवार येणाऱ्या 'ई'ला १ गुण मिळतो, तर क्वचित येणाऱ्या 'क्यू' व 'झेड' यांना प्रत्येकी १० गुण मिळतात.

या खेळात 'कॅम्प' हा शब्द जुळवला, तर 'सी'चे ३, 'ए'चा १, 'एम'चे ३ आणि 'पी'चे ३ असे अक्षरांचे मूळ गुण एकूण १० होतात. शब्दाचा अर्थ ठाऊक नसला, तरी गुण कमी होत नाहीत. परंतु शब्दाचे खरे मोल त्याच्या अर्थात असते आणि तो अर्थ माणसांच्या जीवनातून घडत जातो.

लॅटिन भाषेत 'कॅम्पुस' म्हणजे मोकळे मैदान. मैदानात उतरून लढणारा वीर तो 'चॅम्पियन' आणि विद्यालयाचे आवार म्हणजे 'कॅम्पस', हे शब्द त्याच मुळाचे. मैदानावर सैन्य उतरे, तंबू ठोकी आणि काम संपताच निघून जाई. त्यामुळे 'कॅम्प' म्हणजे तळ, म्हणजेच काही काळापुरता मुक्काम, असा अर्थ रूढ झाला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराचा असाच एक मोठा तळ होता. युद्ध संपले आणि तेथील बराकी रिकाम्या झाल्या. पुढे १९४७ साली देशाची फाळणी झाली व सिंध प्रांत पाकिस्तानात गेला. घरदार, शेतीवाडी, व्यापार मागे टाकून असंख्य सिंधी कुटुंबे भारतात आली. त्यांपैकी सुमारे एक लाख निर्वासितांना या तळावर आसरा मिळाला. एकेका बराकीत अनेक कुटुंबे दाटीवाटीने राहू लागली. हाती भांडवल नव्हते. होते ते केवळ कष्ट करण्याचे बळ. छोटे उद्योग निघाले, दुकाने थाटली गेली, शाळा सुरू झाल्या. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे नामकरण झाले. जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून तिला 'उल्हासनगर' हे नाव मिळाले.

नगराला नवे नाव लाभले, तरी जुना शब्द मात्र गेला नाही. मध्य रेल्वेच्या विठ्ठलवाडी स्थानकावर उतरून उल्हासनगरात जाणारे लोक आजही 'कॅम्प क्रमांक चार', 'कॅम्प क्रमांक पाच' असाच पत्ता सांगतात. शब्दकोशात 'कॅम्प' म्हणजे तात्पुरता मुक्काम. येथे मात्र कित्येक कुटुंबांच्या तीन-चार पिढ्या त्याच 'कॅम्पा'त नांदल्या. जो शब्द एके काळी निवारा हरपल्याची खूण होता, तोच त्यांच्या कायमच्या घराचे नाव झाला.

खेळात 'कॅम्प' या शब्दातील अक्षरांचे मूळ गुण ठरलेलेच असतात. त्याचा अर्थ मात्र तो शब्द वापरणाऱ्या माणसांच्या कष्टांनी पालटतो.